सतरा एके सतरा

४ ऑगस्ट, सोमवार. पहाटे
सिद्धेश्वराचं नाव घेऊन आजपासून पाढे. कानाचे डॉक्टर म्हणाले, यंत्रमागावरून बाजूला व्हा, नाहीतर उरलासुरला कानही जाईल. आमच्या टॉवेल कारखान्यात पॅकिंग सुपरवायझरची जागा निघाली आहे. काचेची केबिन, आवाज नाही. मालक महिनाअखेरीस तोंडी हिशेब विचारून माणूस ठरवणार. गावच्या शाळेत आम्ही रोज संध्याकाळी तालात पाढे म्हणत असू. फक्त जुनं उजळायचं.

७ ऑगस्ट
देवापुढे बसून, मांडीवर ताल धरून म्हटलं. तेरापर्यंत पाढे आले. शेजारच्या मागावर श्रीमंत नावाचा पोरगा आहे, तोही त्या जागेसाठी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर गणितं सोडवतो. चुकलं की मोबाइल टुंग वाजतो. सारखं टुंग. दया आली.

१२ ऑगस्ट
उत्कर्षा म्हणाली, अप्पा, मी मधलं मधलं विचारते, सतरा आठे किती? मी सतरा एकेपासून धरलं. म्हणाली, तसं न्हाय, एकदम सांगा. मुलीला समजावलं, स्तोत्र कोणी मधूनच म्हणतं का? म्हणाली, मालक काय देव हाय? अकरावीला गेली की श्रद्धा सुटते.

१५ ऑगस्ट. सुट्टी
एकोणतीसपर्यंत एका दमात. दानम्मा भाकरी थापता थापता म्हणाली, लई सुरात म्हणताय की. पण काल चार पाव्हण्यांना तीन-तीन भाकरी, तर किती थापू विचारलं, तुमचं उत्तर येईतवर तव्यातनं धूर निघाला.
बायको असून ताल समजत नाही.

२८ ऑगस्ट
केबिनमध्ये सिद्धेश्वराचा फोटो कुठे लावायचा ते ठरवलं. श्रीमंतला सांगितलं, नाराज होऊ नको, तुला सांभाळून घेईन. म्हणाला, आशीर्वाद असू द्या मामा. नम्र माणूस.

२९ ऑगस्ट
मालकांनी विचारलं, सतरा गठ्ठे, प्रत्येकात आठ डझन, एकूण किती डझन? सोपं. डोळे मिटले. सतरा एके सतरा. पाचेला मालकांचा फोन वाजला. खंड पडला की पहिल्यापासून, हा नियम. पुन्हा धरलं. चोकला चहा आला. पुन्हा धरणार, तोवर श्रीमंत एकशे छत्तीस सांगून चहा पीत होता. मालक म्हणाले, ईरप्पा, पुढच्या खेपेला घरूनच म्हणत निघा, हितं पोचेपर्यंत उत्तर येईल. सगळे हसले. मीही हसलो. माणूस जवळच्याचीच थट्टा करतो.

१ सप्टेंबर
श्रीमंत केबिनमध्ये बसला. पॅकिंगच्या बायका येता-जाता विचारतात, मामा, कितीपर्यंत आलं? लोकांना गोडी लागते आहे. आता सराव मागाशेजारीच, मोठ्याने. तिथे फोनचा व्यत्यय नाही. श्रीमंतने काचेतून हात केला, काहीतरी बोलला. चांगलंच बोलला असणार.

२४ नोव्हेंबर, सोमवार. पहाटे
मोठी प्रगती. आज सतराचा पाढा म्हणताना आवाजच उरला नाही. ओठ हलत होते, आत नुसती शांतता. इतक्या वर्षांनी मौन जप साधला. डोळे भरून आले.
उघडले तर समोर दानम्मा, उत्कर्षा, दारात शेजारची चार माणसं. सगळ्यांची तोंडं हलत होती. उत्कर्षाने कागदावर लिहून दाखवलं, अप्पा, ओरडू नका, गल्ली जागी झाली.
खंड पडला. पहिल्यापासून.