पंगतीत बसलेले सैन्य

प्रति,
मा. संचालक,
सैन्य खरेदी सिम्युलेशन संशोधन कक्ष,
नागपूर.

विषय : माझाच मंजूर झालेला अहवाल चुकीचा आहे हे सिद्ध करण्यासाठी संशोधन अनुदान मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे आधीचे दोन अर्ज. २) त्यांवर आलेली आपली दोन अभिनंदनपर उत्तरे.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय निवेदन की, मी, गुणाकर मोहरील, बालाघाट येथील एका खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. आधीचे दोन्ही अर्ज मी हिंदीत केले होते. ते आपणांस समजले नसावेत अशी माझी आशा आहे, म्हणून हा मराठीत करीत आहे.

१. आपल्या कक्षाच्या अनुदानातून मी "पहाडी चौक्यांसाठी फिरत्या स्वयंपाकघराची निवड" या विषयावर सिस्टिम्स इंजिनिअरिंगचे संशोधन केले. खरेदीसाठी दोन नमुने होते. एक लहान, सुटे करून खेचरांवर लादता येणारे; दुसरे मोठे, ट्रकमागे ओढून न्यायचे. संगणकावर जवानांची तुकडी तयार करायची, तिला दोन्हींतून जेवू घालायचे आणि कोणते विकत घ्यावे ते सांगायचे, एवढेच काम होते.

२. तुकडी कशी जेवते याची प्रत्यक्ष निरीक्षणे घेणे नियमानुसार आवश्यक होते. छावणीत जाण्याची परवानगी मिळाली नाही आणि मुदत संपत आली. तेव्हा मी डोके चालवले. हे माझ्या हातून क्वचित घडते, आणि घडते तेव्हा असेच होते. आमच्या प्रयोगशाळेतील सहायक प्रेमलाल यांच्या मुलीचे, नूतनचे, लग्न किरनापुरात होते. मी मंडपाच्या खांबाला कॅमेरा बांधला आणि तिथल्या पंगती संगणकाला शिकवल्या. अहवालात त्यांना "समूह-भोजनाची क्षेत्रीय निरीक्षणे" म्हटले आहे. दोन वेळा पोटभर जेवून आलो हे त्यात लिहिलेले नाही.

३. आमच्याकडे पंगतीत सगळ्यांना वाढून होईपर्यंत कोणी घास घेत नाही, आणि सर्वांत वडील माणसाचे जेवण आटोपल्याशिवाय कोणी उठत नाही. त्या पंगतीत वडील म्हणजे प्रेमलाल यांचे वडील, पुनाराम आबाजी. त्यांना दात नाहीत, आणि घाई तर त्यांनी दात होते तेव्हाही केली नसावी. शिवाय वाढणाऱ्याला दोनदा "नको" म्हणून तिसऱ्यांदा ताट पुढे करायचे, ही रीतच आहे. संगणक बिचारा आज्ञाधारक. माझ्या तुकडीतला प्रत्येक जवान बुंदी नाकारतो आणि मग खातो; आणि तुकडीतला सर्वांत ज्येष्ठ हवालदार आबाजींच्या चालीने वरणभात कालवत बसतो. तपासणीसाठी मी मध्येच शत्रूच्या हल्ल्याचा भोंगा वाजवला. एकही जवान उठला नाही. कोणत्याही शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. मी त्याचा आलेख काढला आणि त्याला छान निळा रंग दिला.

आपल्या समितीने त्याचा अर्थ "उच्च मनोधैर्य" असा लावला.

४. एवढे खाणाऱ्या आणि एवढा वेळ बसणाऱ्या तुकडीला लहान स्वयंपाकघर पुरत नाही, असा निष्कर्ष निघाला व मोठ्याची शिफारस झाली. ते ट्रकचा रस्ता संपतो तिथेच थांबणार. वरच्या चौक्यांपर्यंत नुसती पायवाट जाते. ही चूक मला दिसली नाही, समितीला दिसली नाही. एका सायंकाळी माझी पत्नी अपूर्वा चहा ठेवायला आली आणि पडद्याकडे पाहून म्हणाली, "अहो, हे तं नूतनच्या लग्नातली पंगत होय! लष्कराले जेवाले बसवलं तुम्ही, आता उठवन कोन?" त्या दिवशीचा चहा मी घेऊ शकलो नाही.

५. पहिल्या अर्जात मी अहवाल रद्द करण्याची विनंती केली. आपले अभिनंदनासह उत्तर आले की मंजूर अहवाल रद्द करण्याची तरतूद नाही. तो केवळ नवीन अनुदानित संशोधनानेच बदलता येतो. दुसऱ्या अर्जात मी चूक सविस्तर मांडली, तर माझ्या विनयाची नोंद घेऊन आपण प्रशस्तिपत्र पाठवले. ते या अर्जासोबत परत करीत आहे. प्राचार्यांनी मात्र तोवर महाविद्यालयाच्या फाटकावर माझे बॅनर लावले होते. त्यात माझ्यामागे तोफ छापली आहे. माझा तोफेशी काही संबंध नाही, माझा संबंध वरणाशी आहे, पण समोरच्या पानठेल्यावरचा टिकाराम रोज विचारतो, "सर, तुमची तोफ कधी येऊन राह्यली?" मी हल्ली मागच्या दाराने ये-जा करतो.

६. तरी आपल्याच नियमानुसार "मोहरील यांच्या निष्कर्षांचे खंडन" हा नवीन प्रस्ताव सादर करीत आहे. प्रमुख संशोधक मीच असावे. दुसऱ्याला चूक शोधावी लागेल, मला ती पाठ आहे. अनुदान कितीही अल्प असले तरी चालेल, पण प्रस्ताव विचाराधीन असेपर्यंत मोठ्या स्वयंपाकघराच्या खरेदीचा आदेश थांबवावा.

७. आणखी एक बाब अर्जात बसत नाही, तरी लिहितो. माझा धाकटा भाऊ रजत अशाच एका वरच्या चौकीवर आहे. नेमका कुठे, ते आम्हाला ठाऊक नाही. जेवण खालून शिजून येते आणि पोहोचेपर्यंत गार होते, हे तो हसत हसत सांगतो. आईला आणि मला हसू येत नाही. बॅनरचा फोटो त्याला कोणीतरी मोबाइलवर धाडला. गेल्या रविवारी त्याचा फोन आला, "दादा, तुह्या मशीनची आम्ही सारे वाट पाहून राह्यलो. पहिल्या दिवशी काय बनवतीन?"

मी खिचडी म्हणालो.

"गरम?"

मी "हौ" म्हणालो.

महोदय, मी भावाशी खोटे बोललो आहे. ते "हौ" खरे करणे आता आपल्या हाती आहे.

आपला नम्र, व आपल्या कक्षाच्या मते यशस्वी,

गुणाकर मोहरील
बालाघाट (म. प्र.)
दि. १८ जून २०२५