कंग्राळीचं परडं

३ फेब्रु. १९८२
ठरलं एकदाचं. कंग्राळीच्या परशराम आप्पांचं गावठाणातलं परडं आम्हाला, घर बांधायला. लग्नापासून भाड्याच्या खोल्या, आणि आता मालक त्याही मागतोय. इसाराचे पैसे काढले तर आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्यात, सहीच्या दिवशी बघू." देवळात नेलं, शपथेसाठी हळदीचा भंडारा उचलला, मलाही लावला: "परडं तुमालाच." साक्षीला गुरव, तोही डुलक्या घेत.
घरी सौ.: "कागद कुठाय?" म्हटलं, माझ्या कपाळावर बघ, पिवळं आहे.

९ फेब्रु.
बातमी धाडली. कंग्राळीकडचा रस्ता रुंद होणार, निपाणीचे तंबाखूवाले दुकानगाळ्यांसाठी जागा हुडकताहेत, भाव चढणार. वार्ताहराचा धर्म.

१२ फेब्रु.
छापून आली. सौ.: "आप्पांच्या गावात पेपर जात नाही ना?"
जातो. देवळाच्या कट्ट्यावर मोठ्यानं वाचतात.
पाठशाळेत न्यायशास्त्र घोकलं. कार्यकारणभाव आज कळला.

१४ फेब्रु.
आप्पांचा निरोप: येऊन जावा.

१५ फेब्रु.
आप्पा कट्ट्यावर, मांडीवर पेपर. "हे तुमीच लिवलासा न्हवं?"
"हो."
"काल निपाणीचा एक आलता. लई वाढवून देतो म्हणला."
मी चपला हुडकायला लागलो.
"शास्त्रीबुवा, त्वांड का उतरलंय? भंडारा उचललाय मी. द्येव काय पेपर वाचून भाव बदलतोय व्हय?"
सुटलो! दोन कप चहा प्यायलो. साखर जास्त होती, तरी.
उठताना आप्पा: "सदलग्याच्या आक्काचीबी सही लागती. तिनं न्हाय उचललेला."

२१ फेब्रु.
आप्पांची थोरली बहीण, सदलग्याची आक्का, कंग्राळीत आली. तिलाही कुणी बातमी वाचून दाखवलेली. किमतीचं अवाक्षर नाही.
"बाबानं लावलेली जांभळ हाय परड्यात. तिला हात लावायचा न्हाय. तुमीबी उचला भंडारा, मग देते सही."
झाड बरोब्बर मध्ये. म्हटलं, घरात विचारून येतो.
"बायकूला भ्यातासा? मग माणूस बरा हाय," म्हणून आक्का हसल्या. छातीवरचं ओझं अर्धं तिथेच...

२२ फेब्रु.
सौ. संध्याकाळपासून पाटीवर घर काढतेय, पुसतेय. न्हाणी हलली, देवघर हललं. जांभळ अजून माजघरातच उभी.
उद्या पहिल्या बसनं कंग्राळी. सौ. म्हणते, भंडारा दोघं मिळून उचलू. पण आधी आक्कांना विचारू, फांद्या छाटल्या तर चालतील का.