हात द्यायचा दिवस

४ फेब्रुवारी

पोचले एकदाची! बसमधून उतरलो तेव्हा माझी ट्रंक, गादीची वळकटी आणि मी, तिघींचेही सांधे खिळखिळे झाले होते. पण दवाखाना बघून शीण गेला. खाली तपासणीची खोली, ड्रेसिंगची खोली आणि एक जुनं एक्स-रे मशीन, सुरू केलं की म्हाताऱ्यासारखं खाकरतं. वर माझी खोली. दोन खिडक्या, एक टेबल. नर्सला एवढं पुष्कळ झालं.

जेवण शेजारच्या काकूंकडून. त्यांची लेक एकोणीस वर्षांची. सगळे तिला भिंगरी म्हणतात, आणि का म्हणतात ते पाच मिनिटांत कळलं. तिने ट्रंक वर आणली, खिडक्या पुसल्या, गादी घातली आणि त्याच दमात शहरातल्या मुली केस किती आखूड कापतात तेही विचारून घेतलं. डॉक्टर साठीचे, तोंडातून शब्द मोजून काढणारे. त्यांची कसर कंपाउंडर भरून काढतो.

दिवसभरात दहाएक जण भेटून गेले. प्रत्येकाने एकच विचारलं, आता इथेच राहणार ना, मग हात द्याल ना? म्हटलं, देईन की, त्यासाठीच तर आलेय! सगळे इतके खूश झाले की मलाच लाजल्यासारखं झालं.

९ फेब्रुवारी

शिंपी जिन्यावरून घसरला. डाव्या हाताचा एक्स-रे काढला. नवीन काही नाही, नुसता मुका मार. पण कोपर आणि मनगटाच्या मधलं, करंगळीच्या बाजूचं हाड कधीतरी बरोबर मध्यावर मोडून जुळलेलं दिसलं. विचारलं तर म्हणाला, सगळ्यांचं असतं. मला वाटलं थट्टा करतोय.

भिंगरी रोज दुपारी पट्टी बांधायला शिकायला येते. बोटं हलकी आहेत तिची. चांगली नर्स होईल. तसं म्हटलं तर दिवसभर हवेत होती.

१५ फेब्रुवारी

शाळेतले मास्तर, पाववाली, टपालवाला. तेच हाड, तीच जागा. पडून असं मोडत नाही. हात आडवा ठेवून वरून घाव घातला तरच मोडतं.

मग मी ब्लडप्रेशर बघताना प्रत्येकाच्या हातावरून बोट फिरवायला लागले. प्रत्येकाला तिथे गाठ. कंपाउंडरला. काकूंना. फक्त पोरांचे हात गुळगुळीत.

शेवटी डॉक्टरांना विचारलं. हात धुता धुता त्यांनी सांगितलं, हवापाणी सांगावं तसं. दोन मार्चला, एकोणीस पूर्ण झालेल्यांनी चौकातल्या दगडावर डावा हात द्यायचा. आईने किंवा बापाने मोगरीने तो घ्यायचा, म्हणजे मोडायचा. कपडे धोपटायची असते तसली लाकडी मोगरी, फक्त जड. बधिर करायचं नाही. ओरडायचं नाही. मी विचारलं, पण का? ते म्हणाले, "द्यायचा असतो." कधीपासून, विचारलं. त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. त्यांना माहीत नव्हतं.

नॅपकिनला हात पुसत म्हणाले, नव्याने राहायला आलेल्यांचाही घेतात. तुम्ही तर पहिल्याच दिवशी हो म्हणालात, सिस्टर.

१८ फेब्रुवारी

वरच्या ऑफिसला पत्र लिहिलं होतं. टपालवाल्याने ते फोडून, वाचून, परत आणून दिलं. असल्या गोष्टी कागदावर घालू नयेत म्हणाला.

आज दवाखान्यात एकही पेशंट आला नाही. वाण्याने पाठ फिरवली. काकू ताट पायरीवर ठेवून निघून गेल्या. भर दुपारी खिडकीवर दगड आला. बाहेर पाहिलं तर समोरच्या दारात पाववाली उभी. पळालीसुद्धा नाही. माझ्याकडे बघत हात झटकत होती.

२२ फेब्रुवारी

भिंगरीला म्हटलं, माझ्याबरोबर शहरात चल, नर्सिंगला नाव घालते. आधी हसली. मग रडायला लागली. मागच्या वर्षी चांभाराच्या मुलीच्या वेळी तिच्या आईचा हात थरथरला. घाव तिरका बसला, हाड बाहेर आलं, विष पसरलं. आठ दिवसांत मुलगी गेली. आणि काकूंना तर दोन वर्षांपूर्वी झटका येऊन गेलाय. उजव्या हातात कप धरवत नाही. नवरा नाही.

संध्याकाळी काकू स्वतः वर आल्या. भांडायला आल्या असं वाटलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, तुझा हात थरथरत नाही, बाई. तू घे माझ्या लेकीचा.

मी त्यांना हाकलून दिलं.

२५ फेब्रुवारी

सकाळच्या बसने निघालो. भिंगरी आपणहून आली, शेजारी बसली, माझा पदर धरून. बस हलली आणि ती उठून किंचाळली, मला पळवून नेतेय!

कंडक्टरने मला दंडाला धरून खाली ओढलं. त्याची बाही वर गेली. तीच गाठ.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. कुणी शिवी दिली नाही. पाववाली तेवढी थुंकली. भिंगरी पुढे चालत होती. एकदाही मागे वळली नाही.

ट्रंक बसमध्येच गेली.

१ मार्च

डॉक्टर म्हणाले, तुम्ही नाही घेतलात तर उद्या काकू घेतील. बस्, एवढंच.

२ मार्च

घेतला.

भिंगरीने हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. इंजेक्शन देताना पेशंट पाहतो तसं, विश्वासाने. निळ्या पेन्सिलीने मी जागा आखली होती. एकच घाव. आवाज झाला, ओली फांदी मोडल्यासारखा. ती ओरडली नाही. मी तपासलं. सरळ मोडलं होतं, कातडी शाबूत.

आणि मला बरं वाटलं. लिहायला हवं म्हणून लिहिते. काम नीट झाल्यावर वाटतं तसं बरं वाटलं.

मग चांभार आला, मग दोन बाया. आमच्याही मुलांचा तुम्हीच घ्या. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण मोगरी हातातच होती.

चार.

३ मार्च

सगळे गोड बोलतात. माझ्या हाताचा विषयही कुणी काढत नाही. वाण्याने सामान घरी पोचवलं. खिडकीला नवी काच. काकू मला जवळ घेऊन रडल्या. भिंगरीचं प्लास्टर छान बसलंय. म्हणते, ताई, तुम्ही होता म्हणून.

निळी पेन्सिल मी कोपऱ्यात भिरकावली.

५ मार्च

मास्तर तापाने पडून होते, आज उठले. रीत तोंडपाठ फक्त त्यांनाच. काठी टेकत दवाखान्यात आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, जिने स्वतःचा दिलेला नाही तिला दुसऱ्याचा घेता येत नाही. ते चार हात धरायचे नाहीत. पुन्हा घ्यावे लागतील.

कुणीही वाद घातला नाही. चांभार खाली बघत होता. मी ओरडले, हाडं अजून जुळलेली नाहीत, पोरं मरतील! डॉक्टर औषधाच्या बाटल्या पुसत राहिले.

भिंगरी दारात उभी होती. प्लास्टर छातीशी धरून. माझ्याकडे अशी बघत होती — मी तिला मुद्दाम फसवलं असं —

६ मार्च, सकाळ

बाहेरून कडी घातली आहे. खाली चौकात माणसं जमताहेत. एकमेकांना बसायला जागा करून देताहेत.

आधी माझा. मग त्या चौघांचा, त्याच जागी.

कंपाउंडर दाराआडून बोलून गेला. माझी आई इथे नाही, म्हणून माझा घ्यायला भिंगरीने मागून घेतलंय. ज्याचा हात वाया घालवला त्याला घालवणाऱ्याचा तेवढा घेता येतो, असं मास्तरांनी सांगितलंय. एका हाताने. तिला अंदाज नाही. तिरका बसेल.

निळी पेन्सिल सापडली. स्वतःच्या डाव्या हातावर रेघ आखली. का आखली? मी का आखली —

दुपार

जिन्यावर पावलं. बरीच. काकूंचा आवाज. सावकाश चढ, प्लास्टर सांभाळ —

कडी काढली. भिंगरी आत आली आहे, बाकीचे दारात. मी रेघ दाखवली. इथे मार, सरळ. तिने पाहिलंसुद्धा नाही. ती वहीकडे बघते आहे. मास्तरही. आधी पत्र, आता वही, असं काहीतरी ते म्हणाले —

ती विचारते आहे, ताई, लिहिता कुठल्या हाताने. मी म्हटलं डाव्या — पण पेन अजून माझ्या उज