कुरूप पाडसाची खुशाली

आदरणीय खमीसमामांना,

मुनीरचा सादर सलाम. तुमचा गुडघा, सलूहामामींचं पित्त आणि स्फाक्सच्या बंदरातली तुमची नाव ही तिन्ही ठणठणीत असोत (हे लिहिताना मी पाचही बोटं टेबलावर टेकवली आहेत, काळजी नसावी). इकडे आमचे हाल आहेत. आई खंगली आहे, मुलं मठ्ठ निघाली आणि यंदा खजूर किडका आला. म्हणजे सगळं उत्तम चाललं आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल. मी स्वतः दृष्टबिष्ट असलं काही मानत नाही. शिकलेला जनावरांचा डॉक्टर आहे मी. पण पत्र टपालातून येणार, वाटेत कुणाकुणाची नजर पडेल कोण जाणे!

तर बातमी अशी की आमच्या प्राणिसंग्रहालयातली अदाक्सीण व्याली. अदाक्स म्हणजे ते पांढरं, पिळाच्या शिंगांचं हरीण, तुमच्या आजोबांनी वाळवंटात कळपानं पाहिलेलं आणि आता औषधालाही सापडत नाही ते. कित्येक वर्षांत आमच्याकडे पाडस झालं नव्हतं. त्यामुळे ते चार काटकुळ्या पायांवर उभं राहिलं तेव्हा मी रडलो, हे तुम्हाला सांगायला मला लाज वाटत नाही. आमचे रखवालदार तय्यबकाका मात्र रडत बसले नाहीत. त्यांनी आधी फाटकावर माशाची शेपटी टांगली, मग पाडसाच्या कोवळ्या कपाळाला चुलीतली काजळी फासली आणि त्याचं नाव ठेवलं उकिरड्या. सारं गाव बघायला लोटलं. "शी! काय हे ध्यान!" "माकड बरं याच्यापेक्षा!" असं जो तो आनंदानं म्हणत होता. इतक्या प्रेमानं हिणवलेलं बाळ मी तरी पाहिलेलं नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण राजधानीतून फोन आला. या हरणांची जोपासना करणारी एक समिती आहे, तिच्या प्रमुख डॉक्टर इनेस. बाई मनानं फार चांगल्या, पण वाढल्या परदेशात. त्यांनी आमच्या संचालकांना, हमादीसाहेबांना, पाडस कसं आहे असं सरळ विचारलं (सरळ विचारतं का कुणी!). हमादीसाहेबांनी कुठलाही सभ्य माणूस देईल तेच उत्तर दिलं: नुसती हाडं आहेत बाई, दुधाला तर तोंडही लावत नाही, आजचं उद्या बघायला मिळेल की नाही सांगता येत नाही. बाईंनी ते शब्दशः खरं मानलं आणि दुसऱ्याच दिवशी समिती घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या.

मामा, तो प्रसंग डोळ्यांपुढून हलत नाही. उकिरड्या गव्हाणीवरून उड्या मारत होता. एका उडीत त्यानं समितीतल्या एका गृहस्थांची टोपी पळवली. आणि कुंपणाशी उभे तय्यबकाका हात जोडून सांगत होते, "कुठली ताकद हो, बाई! उठवत नाही बिचाऱ्याला." बाईंनी कपाळावरची काजळी बघून हा कुठला त्वचारोग म्हणून विचारलं. काका म्हणाले, "जन्मापासूनच आहे." मग बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही तरी सांगा. हे निरोगी आहे ना? एवढा एक शब्द द्या आणि मी परत जाते."

एकच शब्द हवा होता. मी तोंड उघडलं. पाडस माझ्याकडे बघत होतं, काका माझ्याकडे बघत होते, आणि मी (मी, जो हे काही मानत नाही!) म्हणालो, "जगलं तर जगलं."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, या अवस्थेत त्याला इथे ठेवणं म्हणजे पाप. गुरुवारी राजधानीतून ट्रक येणार आणि मायलेकरांना उपचारासाठी घेऊन जाणार. आमच्याकडे मोठं होऊन ते दक्षिणेतल्या राखीव वाळवंटात मोकळं सुटायचं होतं, मामा. आजोबांच्या त्या कळपांच्या वाटेवर. आता ते राजधानीत सिमेंटवर उभं राहणार आणि पोरं त्याला शेंगदाणे मारणार. नंतर मी फोन करून खरं सांगायचं ठरवलं. पण "पाडस धडधाकट आहे" यातल्या "धड" शब्दाशी येऊन प्रत्येक वेळी जीभ अडते. हमादीसाहेबांचंही तेच. काका तर फोनला हातसुद्धा लावत नाहीत.

असो. तुम्हाला उगाच काळजी नको. घरी सर्वांना सलाम, लहानग्यांना कुरूप म्हणून पापे.

तुमचा भाचा,
मुनीर

ता.क. : खरं काम लिहायचं राहिलंच. बुधवारच्या बसनं मामींना इकडे पाठवाल का? समितीचा ट्रक नवा कोरा आहे. मामींनी फक्त फाटकाशी उभं राहून "बाई गं, काय सुरेख गाडी!" एवढंच मनापासून म्हणायचं. शेजारच्या हादीच्या नावेला त्या असंच म्हणाल्या होत्या, ती बांधल्या जागी बुडाली. माझ्या साखरपुड्यात त्यांनी माझ्या केसांचं कौतुक केलं, तेव्हापासून मी टोपी घालतो. मी हे मानत नाहीच, पण दुसरा इलाज उरलेला नाही.

ता.क. २ : मामींना पाडसाकडे पाठ करूनच उभं करावं लागेल. फारच हट्ट धरला तर आमचा म्हातारा उंट दाखवीन. त्याचं आता काय बिघडायचं आहे? आणि हे पत्र त्यांना वाचून दाखवू नका.

ता.क. ३ : पाकीट बंद करत होतो तेवढ्यात काका ओढत कुंपणाशी घेऊन गेले. उकिरड्या आज आईला मागे टाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला. चुकलो, लंगडला. मामा, काय सांगू, इतकं वाईट लंगडणारं पाडस मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही.