नाटकं पुरे

२ फेब्रुवारी
ह्यांचं बीपी — वरचं एकशे अठ्ठावन्न, खालचं शहाण्णव. पट्टा डाव्या हातालाच बांधायचा. उजवा आपला मांडीवर पडलेला. डॉक्टरांनी बजावलंय — वरचं एकशे तीसच्या खाली आणा, नाहीतर अर्धांगाचा दुसरा झटका यायला वेळ लागत नाही. मीठ निम्म्यावर आणलं. ह्यांनी पहिला घास घेतला, ताटाकडे बघितलं आणि ओरडले — "ब्रेक!"

हसू आलं. मग हसल्याची लाज वाटली.

तीन महिन्यांत तोंडात तेवढा एकच शब्द उरलाय. वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटवरून तेवढंच ओरडले, म्हणून राहिला असेल. पाणी हवं — ब्रेक. पंखा बंद कर — ब्रेक.

५ फेब्रुवारी
वन्सं येऊन गेल्या. "वहिनी, जिवाला लावून घेऊ नकोस. तू घरात नव्हतीस, तुझा काय दोष?"

मी मान हलवली. हे माझ्याकडे टक लावून बघत होते.

६ फेब्रुवारी
लिहूनच टाकते. कुणाला तरी सांगायला हवं, आणि सांगण्यासारखं कुणी नाही.

त्या सकाळी मी घरातच होते. सव्वाआठ वाजलेले. वाचनालयाची किल्ली माझ्याकडे, आधीच उशीर झालेला. हे खुर्चीत बसलेले. "अहो, निघते मी" म्हटलं, तर तोंड एका बाजूला वाकडं केलं आणि ब्वा-ब्वा असं काहीतरी बोलले. ह्यांच्या नकला कुणाला माहीत नाहीत! स्टिअरिंगला लटकलेले शिकाऊ, चौकातला हवालदार, "गोळी घेतलीत का?" म्हणत मागे लागणारी मी — रोज कुणी ना कुणी असायचंच. मी पोट धरून हसले. "नाटकं पुरे!" म्हटलं आणि दार ओढून घेतलं.

एक वाजता मी जेवायला घरी आले. हे त्याच खुर्चीत होते. तोंड तसंच.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "नीट होते असं शेवटचं कधी बघितलंत?" मी म्हटलं, "मी निघाले तेव्हा ठणठणीत होते." हे शेजारी स्ट्रेचरवर. डोळे उघडे. सगळं ऐकलं त्यांनी.

१७ फेब्रुवारी
बोलायला शिकवणारी बाई खूश आहे. आज "पाणी" म्हणाले, "दार" म्हणाले! लेकीने फोनवर टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण "दार" म्हणताना माझ्याकडे का बघितलं?

बाई म्हणते, "काकांना सगळं कळतंय, आठवतंयसुद्धा. फक्त शब्द हाताशी येत नाहीत. येतील हो, काकू!"

यायला हवेत की नकोत? शप्पथ, माझं मलाच सांगता येत नाही. बायको म्हणवते स्वतःला!

१८ फेब्रुवारी
ह्यांचं एकशे चव्वेचाळीस. स्वयंपाकघरात गुपचूप पट्टा स्वतःला लावला — एकशे बहात्तर. मशीन बंद करून टाकलं.

३ मार्च
त्या सकाळचं ते हसू घरात ऐकू येतं. माझंच. भांडी विसळताना येतं, दाराला कडी लावताना तर हमखास. मागे वळून बघते तर हे खुर्चीत, ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळलेला.

खुर्ची उचलून माळ्यावर टाकली. ह्यांनी "ब्रेक! ब्रेक!" करून घर डोक्यावर घेतलं. परत खाली काढली.

१९ मार्च
अख्खं वाक्य! "मला चहा नको."

रविवारी लेक येतेय. फोनवर म्हणाली, "बाबा, त्या दिवशी काय झालं ते मला तुमच्याच तोंडून ऐकायचंय. घाई नाही, हळूहळू सांगा." तिला कळलं तर ती मला आई म्हणेल का?

२२ मार्च, दुपार
सांगून टाकलं. उद्या हे बोलायच्या आत आपणच बोललेलं बरं. पायाशी बसले आणि म्हटलं, "मी बघितलं होतं. हसले आणि निघून गेले. डॉक्टरांशीही खोटं बोलले." आणि नुसती रडत सुटले.

ह्यांनी डाव्या हाताने माझं डोकं गुडघ्यावरून बाजूला केलं. मायेने की रागाने, कळलं नाही.

२३ मार्च
लेकीने विचारलंच. मी दाराशी उभी. हे एकेक शब्द ओढून काढत होते. "आई... निघाली... तेव्हा... नाटकच... केलं मी. खरं... नंतर."

"बाबा, तुम्ही म्हणजे ना!" लेक रडता रडता हसली. मला जवळ घेऊन म्हणाली, "आणि तू इतके दिवस मनाला लावून घेत होतीस!"

म्हणजे मी ठणठणीत माणसालाच हसले होते! छातीवरचा धोंडा उतरला. किती महिन्यांनी पोटभर जेवले.

२४ मार्च
एक गोष्ट काल लिहिली नाही. हे खोटं बोलले की ह्यांचा उजवा हात कानाच्या पाळीकडे जातो. लग्न झाल्यापासून बघतेय, त्यांना स्वतःला ठाऊक नाही. काल ते बोलत होते तेव्हा मी त्या हाताकडेच बघत होते. साडेचार महिने ढिम्म पडलेला हात. "नाटकच" म्हणाले आणि दोन बोटं मांडीवरून उचलली गेली.

फिजिओला सांगायला हवं. किती आनंद होईल सगळ्यांना.