पडद्यातील माझा अविभक्त अर्धा हिस्सा

मी, शरच्चंद्र दत्तात्रय आठल्ये, वय सत्तावन्न, व्यवसाय शाळेत संस्कृत अध्यापन, राहणार कोथरूड, पुणे, हे मृत्युपत्र स्वहस्ते व स्वेच्छेने लिहितो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टर निशा फाटक यांनी दिला आहे. पत्नीचे मत त्यांनी विचारात घेतलेले नाही. हे लेखन कोणाच्या धाकाने वा प्रलोभनाने झालेले नाही. मला प्रलोभन दाखवावे इतके माझ्याकडून कोणास काही हवे आहे, असे आजवर आढळलेले नाही.

१. कोथरूड येथील सदनिका माझ्या पश्चात पत्नी सौ. नम्रता हिच्या संपूर्ण मालकीची होईल. प्रत्यक्ष ताबा तिच्याकडे विवाहापासूनच आहे.

२. बँकेतील ठेवी नम्रता व कन्या वल्लरी यांना समसमान. स्कूटर भाचा तेजस यास. ती सुरू होते, परंतु तिला विनंती करावी लागते.

३. संस्कृत ग्रंथ शाळेच्या ग्रंथालयास. ग्रंथ कुलपात ठेवून वाचकांपासून त्यांचे रक्षण करण्याची तेथील उज्ज्वल परंपरा अखंडित राहो.

४. दिवाणखान्याच्या भिंतीवर विराजमान असलेला प्लाझ्मा दूरचित्रवाणी संच. ‘सडपातळ आणि अतिसुस्पष्ट’ अशी त्याची जाहिरात होती. सडपातळपणा विक्रेत्याने केवळ बाजूने पाहून ठरवला असावा. उचलण्यास दोन धडधाकट पुरुष लागतात, आणि तोही उभाच न्यावा लागतो. आडवा केल्यास काच दगावते. या संचातील केवळ अविभक्त अर्धा हिस्सा माझा आहे. उर्वरित अर्धा श्री. संपत ढमढेरे यांचा. ते तेव्हा समोरच्या सदनिकेत राहत, कोपऱ्यावर दुधाची डेअरी चालवत आणि मला मास्तर म्हणत.

एकट्याने घेण्याची ऐपत दोघांचीही नव्हती. सबब सन २००८ च्या दसऱ्यास आम्ही तो भागीदारीत घेतला. करार तोंडी झाला: दसरा ते गुढीपाडवा संच माझ्या भिंतीवर, पाडवा ते दसरा त्यांच्या. आणि संच ज्याच्या घरी, रिमोट दुसऱ्याच्या खिशात. हे उपकलम संपतरावांचे. “रिमोट माझ्याकडं हाय तोवर तुम्हाला मला चहा पाजावाच लागंल, मास्तर,” असे त्यांचे भाष्य होते. भाष्यकार रोज संध्याकाळी येत, दिवाणावर मांडी घालत, लेंग्याच्या खिशातून रिमोट काढत आणि विचारत, “बोला, बातम्या का कुस्ती?” मी बातम्या म्हणालो की कुस्ती लावत. त्या काळात कुस्तीतील सर्व डाव मला नावानिशी ठाऊक झाले. आता ते सांगण्यास श्रोता नाही.

सन २०११ मध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना पाडव्याच्या दोन दिवस आधी आला. संपतरावांनी सासरची मंडळी गावाहून बोलावून ठेवली होती.

“मास्तर, दोन दिसांनी काय बिघडतंय? आजच नेतो.”

“करारात पाडवा आहे, संपतराव. मंडळींना इकडे आणा, मी सतरंजी घालतो.”

“माझं पाव्हणं तुमच्या सतरंजीवर?”

“मग दोन दिवस थांबावं.”

“बरं. सामन्याला सांगून येतो, पाडव्यापत्तूर थांब म्हणून.”

यावरील उत्तर मी अद्याप शोधतो आहे. तथापि कराराचा मी लावलेला अर्थच ग्राह्य होता, हे येथे पुनश्च नमूद करतो.

त्यांनी डेअरीतला जुना टीव्ही घरी आणला. आमचे प्रक्षेपण गच्चीवरच्या छत्रीतून येई, त्यांचे केबलवरून, किंचित आधी. त्यामुळे प्रत्येक चौकार मी प्रथम त्यांच्या दारातून ऐकला व मग माझ्या पडद्यावर पाहिला. भारताने विश्वचषक जिंकल्याचे वृत्त मला संपतरावांच्या आरोळीने कळले. पडद्याने त्यास केवळ दुजोरा दिला. दोन दारे आणि हातभर जिना ओलांडण्याचे माझ्या मनात आले होते. सतरंजीवर मी एकटाच होतो.

पाडव्यास संच ब्लँकेटात गुंडाळून, उभा, दाराशी ठेवला. कोणी न्यावयास आले नाही. पावसाळा संपण्यापूर्वी ते विश्रांतवाडीस स्वतःच्या घरात राहावयास गेले. रिमोट त्यांच्या खिशात गेला.

बुधवार पेठेत कोणत्याही कंपनीचा रिमोट मिळतो, हे मला निम्म्या पुण्याने सांगून झाले आहे. मी उठतो, चष्मा लावतो आणि संचाच्या बगलेतील बटणे दाबतो. वल्लरी म्हणते, “बाबा, हा टीव्ही आहे की हीटर? असले बनवणंसुद्धा बंद झालंय. नवा घेऊ या ना.” मी तिला सांगतो की या पडद्यावर काळा रंग खराखुरा काळा दिसतो. हे सत्य आहे, कारण नव्हे. जो अर्धा दुसऱ्याचा आहे तो मोडीत कसा काढावा?

५. प्रस्तुत अर्ध्या हिश्श्याची व्यवस्था. पहिल्या मसुद्यात तो मी संपतरावांस दिला होता. नम्रताने मसुदा वाचला.

“म्हणजे ते येणार तुम्ही गेल्यावर?”

“कायद्याने तसंच होतं.”

“अहो, मग त्यांच्याशी कुस्ती कोण बघणार, मी?”

मृत्युपत्र या वाङ्मयप्रकारातील हा मूलभूत दोष माझ्या ध्यानात आला नव्हता. वकिलांना विचारले. ते म्हणाले, ज्यास काही मिळणार त्यास साक्षीदार करू नये. ज्यास काहीच मिळणार नाही तो उत्तम. मात्र त्याने मृत्युपत्र करणाऱ्याच्या समक्ष, तो हयात असताना, सही केली पाहिजे.

सबब माझा अविभक्त अर्धा हिस्सा मी वल्लरीस देतो. श्री. संपत ढमढेरे यांस या लेखान्वये काहीही, कवडीसुद्धा, देण्यात येत नाही. ही तरतूद पूर्ण विचारांती केली आहे.

स्थळ: कोथरूड, पुणे
दिनांक: साक्षीदार क्रमांक दोन येतील तो

मृत्युपत्र करणार: (सही) शरच्चंद्र दत्तात्रय आठल्ये

साक्षीदार १: (सही) डॉ. निशा फाटक, कोथरूड

साक्षीदार २: श्री. संपत ढमढेरे, विश्रांतवाडी. सहीसाठी जागा सोडली आहे. त्यांच्या सहीविना हे मृत्युपत्र अपूर्ण आहे, व तोवर मला मरता येत नाही. प्रत त्यांना टपालाने रवाना केली आहे. कोणत्याही दिवशी यावे. दुपारी एक ते चार आले तरी चालेल.