दिवा हिरवा झाला

१० मार्च, मंगळवार
आले बाई एकदाची! चंदगडची एसटी, मांडीवर ओल्या काजूची पिशवी, आणि आता नातीचा कळंब्यातला फ्लॅट. मी धोंडुबाई, दुसरी यत्ता, पण लिव्हायची हौस लई. निशिगंधा म्हणाली, आज्जी, आता हितंच ऱ्हायाचं. पोरगी घरातनंच कंप्युटरचं काम करती. आमचं फोटोबी त्यातच ठेवलंत. टेबलावर दिवा हाय. आत काय बदललं आणि पक्कं करायचं राहिलं, की तिनं कंप्युटरला लिव्हून दिलेली स्क्रिप्ट म्हणं आपसूक वळखती आणि दिवा लाल करती. सगळं पक्कं, तर हिरवा. मी दिव्याला हळदीकुंकू लावलं, तर पोट धरून हसली.

१२ मार्च
काजूची उसळ झकास झालती. पण दिवा लाल. निशी म्हणाली, मी कशालाच हात लावलेला न्हाय. बघितलं, तर तळ्यावरच्या आम्हा दोघींच्या फोटोत माझ्या मागं एक म्हातारी. माझंच हिरवं लुगडं नेसून. निशी म्हणाली, पक्कं केलं न्हाय तवर जुनं परत आणता येतंय. आणलं.

१४ मार्च
परत लाल. म्हातारीचा हात निशीच्या खांद्यावर. मी कडंला, धुरागत. निशीनं जुना फोटो आणला. पण जेवताना मला हाक मारायला गेली आणि तोंडातच थांबली. आज्जी म्हणायचं सुचंना तिला.

१५ मार्च
निशी फोटो आणती, त्यो बदलतोय. आणती, बदलतोय. डोळं सुजलं पोरीचं. म्हणती, तुला जाऊ देणार न्हाय मी. दुपारी तिथंच टेबलावर डोकं टेकून झोपली. आत्ताच जुना फोटो आणलाय तिनं. त्योच पक्का करून टाकावा, मग कोण हलवतंय? गावच्या डेअरीत लाल दिवा लागला की तिथली बायडाबाई हिरवं बटण दाबायची, मशीन गप. निशीबी पक्कं करायला कंप्युटरवर रोज दाबती तसलंच. दाबलं.
दिवा हिरवा झाला. सुटले बाई.
मग फोटो बघितला — म्हातारी आणि निशी. दोघीच. मी बटण दाबायच्या आधीच बदललेला —

सांजचं
निशी उठली. मला म्हणाली, पावणं, कुणाकडं आलाय?
लई सांगितलं. काजू दाखवलं. ती दाराकडं सरकली —
सैपाकघरात भांडी वाजत्यात. माझ्याच आवाजात कुणीतरी तिला जेवायला बोलावलं. आले आज्जी, म्हणून पळत गेली —
निशी, मी हाय की गं. हितं —
हात दिसंना झालाय. नाव तरी लिव्हून ठिवते. मी धों